ओढ्याला भिंत नको, काठ हवा

वाचकांचे प्रश्न, निवृत्त ओव्हरसियरची उत्तरं

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की वाढत्या शहराकडून निसर्ग परत मिळवायचा असेल तर भाषणं सोडा, कामाचं एस्टिमेट वाचायला शिका. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत 'कुठलं झाड लावू' एवढंच आहे, काही सापांबद्दल आहेत आणि दोन-तीन पत्रांत मला चांगलंच झापलंय. झापणाऱ्यांनाही उत्तर देतो. मी काही वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही, हे पुन्हा सांगून ठेवतो. कोल्हापूरबाहेरच्या एका नगरपालिकेत ३३ वर्षं गटारं, रस्ते आणि नाले केले, आता शिवाजी पेठेत घरी असतो. उत्तरं त्याच अंगानं येणार.

प्रश्न : आमची कॉलनी फुलेवाडीच्या पुढं आहे. मागून ओढा जातो. पावसाळ्यात काठ ढासळतो, एरवी घाण आणि डास. दोनदा घोणस निघाली. आता ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत आणि खाली बेड टाकायचं घाटतंय. कॉलनीत सगळे खूश आहेत. माझा मुलगा मात्र म्हणतो, विरोध करा, पाखरं जातील. काका, आम्ही कुणाचं ऐकायचं? (एक गृहिणी, फुलेवाडी)

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. पण पाखरांच्या आधी पाण्याचं बोलू, म्हणजे कॉलनीतल्या मंडळींनाही पटेल.

ओढ्याला गुळगुळीत भिंत आणि खाली काँक्रीट केलं की पाण्याचा वेग वाढतो. पूर्वी दगडाला, मुळीला, झुडपाला अडखळत जाणारं पाणी घसरगुंडीवरून सुटल्यासारखं सुटतं. तुमच्या मागून ते लवकर निघून जातं हे खरं, पण भिंत जिथं संपते तिथं सगळा जोर काढतं. दोन पावसाळ्यांत तिथला काठ खचतो, तिथली कॉलनी अर्ज करते, मग भिंत आणखी शंभर मीटर पुढं. असे दरवर्षी पुढं सरकत गेलेले नाले मी स्वतः केलेत. शिवाय तळ बंद झाला की पाणी मुरायचं बंद. एप्रिलमध्ये बोअर फुसफुसायला लागला की लोक भूजलवाल्याला बोलावतात. एकदा मागं जाऊन ओढ्याचा तळही बघावा.

आता पाखरांचं. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. साल सांगत नाही, कारण त्या कामावरची माणसं अजून भेटतात. एप्रिल संपत आला होता, नाल्याच्या भिंतीचं काम पावसाच्या आत उरकायचं होतं. पोकलेननं एक काठ तासून झाला होता, दुसरा तासायचा होता. मुकादम म्हणाला, "सायेब, हितं भोकात पाखरू जातंया." बघितलं तर पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, मातीच्या उभ्या कड्यात, मुठीएवढं गोल भोक. खाली पांढरे ओघळ. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, काम थांबवू नका.

दुसऱ्या दिवशी तिथं सेंट्रिंग उभं राहिलं. पायपावर खंड्या बसला होता. तपकिरी डोकं, निळी पाठ, लाल चोच, आणि चोचीत नाकतोडा. तो उडायचा, जिथं भोक होतं तिथं प्लायवूडच्या समोर हवेत फडफडायचा आणि परत पायपावर येऊन बसायचा. नाकतोडा त्यानं स्वतः खाल्ला नाही. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं, आणि तो आला नाही. मोजमाप पुस्तकात, आम्ही त्याला एमबी म्हणतो, मी त्या भिंतीची लांबी, रुंदी, उंची लिहिली. बिल निघालं.

खंड्या घरटं बांधत नाही, तो काठाच्या मातीत हातभर बोगदा खणतो. काठ गेला की त्याला पिल्लं घालायला जागाच नाही. काठावर तुम्ही शंभर झाडं लावलीत तरी त्याचा उपयोग शून्य. ही गोष्ट मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितली नव्हती. आमच्या एस्टिमेटात ओढ्याकाठी जिवंत असलेलं सगळं एकाच ओळीत यायचं : झाडंझुडपं काढून जागा साफ करणे, दर चौरस मीटरला इतका. म्हणजे निसर्ग कागदावर होता, पण फक्त काढून टाकायची वस्तू म्हणून.

मग काठ ढासळतो त्याचं काय? ओढ्याच्या कडेनं एकदा चालत जा. ढासळतं ते बाहेरच्या वळणाला. आतल्या वळणाला उलट गाळ साठतो. मग दोन्ही बाजूंनी सरसकट भिंत कशाला? तर भिंत रनिंग मीटरवर मोजता येते आणि मोजलं की बिल होतं म्हणून. खरं काम असं आहे. जिथं घरं काठाला टेकलीत आणि माती सुटतेय तेवढ्याच वळणाला पायथ्याशी जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, किंवा पिचिंग, म्हणजे सिमेंट न घालता उतारावर रचलेले दगड. फटीतून पाणीही जातं, खेकडाही राहतो. बाकी काठाला एकास दोन उतार, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर मागं, द्यायचा आणि वाळ्याच्या ओळी लावायच्या. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, माती शिवून काढल्यासारखी धरतात. वरच्या अंगाला करंज, उंबर, वाळुंज, निरगुडी. पाण्यालगत लव्हाळा आणि पाणकणीस आपोआप येतं, ते उपटायचं नाही. आणि जिथं घरं नाहीत अशा एखाद्या वळणाला मातीचा उभा कडा तसाच सोडायचा.

याला जागा लागते, हे मान्य. उतार दिला की काठ मागं सरकतो. तुमच्या कॉलनीचं कंपाउंड मूळ नकाशापेक्षा ओढ्यात पुढं सरकलेलं नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. ही तपासणी मुलाला करू द्या, कॉलनीच्या अध्यक्षांना नको.

हे असलं काम कुठं झालंय का, असं कुणी विचारलं तर सिंगापूरचं सांगा. तिथं बिशान भागात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा होता. तो फोडून नदीला परत वळणं दिली, काठ दगड-मुळ्यांनी बांधला आणि २०१२ मध्ये लोकांना खुला केला. पुढं तिथं ऊद आले, पाणमांजर म्हणतात ते. गुळगुळीत केसांच्या उदाची ही जात आपल्या नद्यांतही आहे. म्हणजे प्राणी तोच, फरक काठाचा.

घोणशीबद्दल : घोणस येते उंदरांमागं, आणि उंदीर येतात काठावर टाकलेल्या खरकट्यामागं. भिंतीला पाणी निघायला जी भोकं ठेवतात त्यांत मी उंदीरही बघितलेत आणि सापही, त्यामुळं भिंत म्हणजे सापावर उपाय नव्हे. कचरा बंद करा, घराभोवतीचं सहा-सात फुटांतलं गवत कापा, रात्री बॅटरी घेऊन चाला. धामण दिसली तर जाऊ द्या, ती उंदीर खाते. कुणाला चावलंच तर वेळ न घालवता सरळ मोठा दवाखाना. डासांचं दुखणं ओढ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याचं आहे. डेंग्यूचा डास तर ओढ्यात वाढतच नाही, तो तुमच्या बॅरलमध्ये आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो.

आता करायचं काय? माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि दोन गोष्टी मागा. एक, या कामाचं एस्टिमेट आणि नकाशा. दोन, लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नोंद असते त्या वहीत, या ओढ्याबद्दल काय लिहिलंय त्याची प्रत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महापालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि ही नोंदवही करावी लागते. ओढ्याचं नाव नसेल तर तुमच्या मुलाला काम मिळालं. त्यानं बघितलेलं समितीला लेखी कळवावं, तारखांसकट. टेंडर निघायच्या आधी दिलेला एक कागद हा टेंडर निघाल्यानंतरच्या मोर्चापेक्षा भारी पडतो, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बघितलंय.

प्रश्न : तुम्ही पाखरांची कौतुकं लिहिता. २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, २०२१ ला परत. आधी माणसं, मग पाखरं. हिंमत असेल तर हे छापा. (एक पूरग्रस्त, शाहूपुरी)

उत्तर : छापलं, दादा. आणि तुमचा राग खोटा नाही.

आधी एक कबुली. शहरातली तळी जिवंत ठेवली असती तर पंचगंगेचा पूर आला नसता, असं काही लोक म्हणतात. ते खरं नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या दोन्ही पुरांत पाणी याच्या कितीतरी वर गेलं. एवढं पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचं असतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या एकदम फुगतात, वरून धरणांचा विसर्ग, खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णाच दुथडी भरलेली, म्हणजे पंचगंगेला पुढं जायला वाव नाही. त्यात मधे रस्त्यांचे भराव. मग पाणी मागं येतं आणि नाल्यांच्या तोंडातून उलटं शहरात शिरतं. शहरातल्या जयंती नाल्याला जुने लोक नदीच म्हणायचे. नदीनं नदीसारखं वागायचं ठरवलं की आपण तिला 'नाल्याला फुगवटा' म्हणतो.

पण दोन गोष्टी आपल्या हातातल्या होत्या. पहिली, शहरात पडणारा पाऊस. या शहराला तळ्यांचं शहर म्हणायचे ते उगाच नव्हे. आज आपण गांधी मैदान म्हणतो ते वरुणतीर्थ होतं. कपिलतीर्थावर मंडई बसली. पेटाळा तळ्याचं मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं, जिथं तालमींचे फुटबॉल सामने बघत आम्ही मोठे झालो; त्यामुळं मीही त्या तळ्याचा गुन्हेगार आहेच. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचलं की पेपरात फोटो येतो आणि खाली लिहितात, मैदानाला तळ्याचं स्वरूप. आमच्या आजोबांनी तो फोटो बघितला असता तर म्हणाले असते, वरुणतीर्थ भरलं की ओ.

दुसरी गोष्ट पूररेषेची. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत तर भरावाची एक पाटीही पडू नये. तुम्ही म्हणता आधी माणसं, मग पाखरं. मी म्हणतो, ही जमीनच अशी आहे की तिथं दोघांचं एकदम भागतं. नदीकाठचा तो पट्टा गवताला, उसाला, कुरणाला सोडला तर पुराला पसरायला जागा मिळते. पाणी ओसरलं की त्याच गाळावर बगळे, शराटी, मुग्धबलाक उतरतात, शिंपले-गोगलगायी वेचतात. तिथं भराव टाकून मंगल कार्यालय बांधलं की पाखरंही गेली आणि त्यांच्या वाटणीचं पाणी तुमच्या घरात आलं. तुमच्या आणि पाखरांच्या नुकसानीचं बिल एकाच माणसाला लावता येईल, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : मी कळंबा भागात छोट्या अपार्टमेंट बांधतो. गिऱ्हाइकाला लॉन आणि पाम हवेत, झुडपं दिसली की 'साप येतील' म्हणतात. मध्यंतरी वाचलं की इंग्लंडात बिल्डरला निसर्ग वाढवूनच द्यावा लागतो. तसला कायदा इथं आला तर आम्ही बसलोच म्हणायचं. तुमचं काय मत? (एक व्यावसायिक)

उत्तर : बरोबर वाचलंत. इंग्लंडात फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना हा नियम लागला. बांधायच्या आधी त्या जागेवर जे आहे, गवत, कुंपणझाडी, डबकं, झाडं, त्याचे गुण मोजायचे आणि काम झाल्यावर ते निदान १० टक्क्यांनी जास्त भरले पाहिजेत. जागेवर जमलं नाही तर दुसरीकडं करायचं, तेही नाही जमलं तर सरकारकडून तेवढे गुण (क्रेडिट) विकत घ्यायचे. आणि हे ३० वर्षं टिकवायचं. कागदावर फार सुंदर. पण ३० वर्षं कुणी बघायला जायचं, हा प्रश्न तिथंही आहेच. मी माझ्या नोकरीत एक वर्षाच्या देखभालीचा आयटम कुणी नीट तपासलेला बघितला नाही. तरी त्यातली एक गोष्ट मला फार आवडली : आधी काय होतं ते मोजायचं. आपण प्लॉट 'मोकळा' म्हणतो आणि थेट जेसीबी लावतो.

आपला कायदा झाडं मोजतो. १९७५ चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. ५० वर्षं किंवा त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं आणि जेवढं झाडाचं वय तेवढी रोपं बदल्यात लावायची, असं ठरलं. हेतू चांगला. पण ७० वर्षांच्या उंबराबदली ७० रोपं लावलीत तर त्यातल्या एकालाही पिंगळा राहील अशी ढोली व्हायला तुमचा नातू रिटायर व्हावा लागेल. आणि झाडच नसलेला गवताचा पट्टा, जुनी विहीर, पाणंदीची कुंपणझाडी, यांना या हिशेबात खातंच नाही.

पाणंदीवरून आठवलं. तुमच्याकडच्या देवकर पाणंदीचं नावच सांगतं की इथं दोन्ही बाजूंनी निवडुंग, करवंद, सागरगोटे असलेल्या वाटा होत्या. त्या कुंपणात मुंगूस, सरडे, सातभाई, बुलबुल सगळं गाव नांदायचं. आता पाणंद पत्त्यात उरली.

तुम्ही कायद्याची वाट बघू नका. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या जागेला १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. आजवर ती कुठं सोडली जाते ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही : ज्या तिरक्या कोपऱ्यात काहीच बसत नाही तिथं. त्याऐवजी प्लॉटवर विहीर, ओढ्याचा काठ, जुना आंबा जिथं असेल तिथं ती काढा आणि आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी सांगा. तुमचे प्लॉट लहान असतील तर एवढं तरी करा. झाडाच्या बुंध्याला पेव्हर चिकटवू नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीत बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला लावलं होतं. पार्किंग सोडून इतरत्र पेव्हर सिमेंटवर बसवू नका, कचवर बसवा, फटीतून पाणी मुरतं. कंपाउंडच्या भिंतीला तळाशी दोन-तीन ठिकाणी वीतभर फट ठेवा, मुंगूस जाईल-येईल, आणि गिऱ्हाइकाला सापाची भीती असेल तर मुंगूस हे उत्तर त्याला पटतंही. गच्चीवरचे फोकस खालच्या बाजूला वळवा. राधानगरीला मे-जूनमध्ये काजवे बघायला आपण गाड्या घेऊन जातो. काजव्यांना अंधार लागतो, हे तिथं कळतं आणि घरी आलं की विसरतं.

लॉनबद्दल मात्र मी हट्टी आहे. लॉनला पाणी जास्त, औषध जास्त, आणि त्यावर एक फुलपाखरू पोट भरत नाही. हरळी राहू द्या, कडेनं कुंती, तगर, निरगुडी लावा. गिऱ्हाइकाला ब्रोशरमध्ये 'फुलपाखरू बाग' असं लिहून दाखवा. तेवढी लबाडी तुम्हाला जमते.

प्रश्न : वडिलांच्या पंच्याहत्तरीला ७५ झाडं लावायची आहेत. टेंबलाईच्या बाजूला मोकळा माळ आहे. मियावाकी पद्धत चालेल का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण माळ मोकळा नाही. पावसानंतर तिथं गुडघ्याएवढं गवत असतं, चंडोल त्यात राहतो, टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते आणि माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देते. तिथं झाडांची गर्दी केली की या मंडळींना घर सोडावं लागतं. शहराजवळचे माळ असेच सत्कर्मं करत संपत चाललेत.

मियावाकी हे अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञाचं नाव. एका चौरस मीटरला तीन-पाच रोपं दाटीनं लावायची, ही पद्धत जिथं मुळात जंगल होतं तिथं ते लवकर परत आणायला आहे. कारखान्याच्या कडेला, भरावाच्या मेलेल्या जमिनीवर ती चालते. माळावर नको. आणि कुठंही केलीत तरी नर्सरीवाला देईल ते घेऊ नका. कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड दिलं तर परत करा. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय. गगनबावड्याच्या पावसात वाढणारं झाड टेंबलाईला आणून बसवलं तर ते झुरतं, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर असलं तरी पाऊस निराळा आहे.

७५ ऐवजी सात लावा. ओळखीच्या शाळेत, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर. पांगारा, पळस, सावर, बहावा, करंज, नांद्रुक, उंबर. पांगारा-सावर फुलली की मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, खारी सगळ्यांची पंगत बसते. तीन उन्हाळे पाणी घाला. वडिलांच्या अठ्ठ्याहत्तरीला फोटो पाठवा, मी छापायला लावतो.

प्रश्न : रंकाळ्यातलं केंदाळ दरवर्षी काढतात, दरवर्षी येतं. कायमचा उपाय आहे का? (एक फिरायला जाणारे, संध्यामठाजवळून)

उत्तर : आहे, पण तो तळ्याच्या बाहेर आहे. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होते आणि जगते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. सांडपाण्याचा शेवटचा पाइप बंद होईपर्यंत ती येतच राहणार. काढलेलं केंदाळ काठावर ढीग घालून ठेवणं म्हणजे तर ताटातलं काढून परत पातेल्यात टाकणं. पहिल्या पावसात त्यातलं खत परत पाण्यात. लांब नेऊन कंपोस्ट करायचं. आणि सफाईच्या जोशात पाणकणीस उपटू नका, जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात.

प्रश्न : आमचं घर गल्लीत, अंगण नाही, चार बाय आठची गॅलरी आहे. आम्ही काय करणार? (एक आजी, मंगळवार पेठ)

उत्तर : आजी, एक कढीलिंब, एक लिंबू आणि एक पानफुटी, तीन कुंड्या. लिंबाच्या पानावर पाखराच्या शिटेसारखं काही दिसलं तर झाडू नका, ती अळी आहे. आपल्या राज्याचं फुलपाखरू २०१५ मध्ये ठरलं, राणी पाकोळी, काळ्या पंखावर निळी झाक असलेलं. तेही लिंबाच्याच जातीवर अंडी घालतं. पानफुटीचं पान आतून पोखरलेलं दिसेल, ते रेड पिअरो नावाच्या छोट्या फुलपाखराचं बाळंतघर. पानं कुरतडलेली दिसणारच. सुनेनं औषध मारलं तर मला कळवा.

प्रश्न : आमच्या शाळेमागच्या ओढ्याच्या मातीच्या कड्यात एक भोक आहे. उंदीर आहे का पक्षी? सर म्हणाले तुम्हाला विचारा. (इयत्ता सहावी, कसबा बावडा)

उत्तर : बाळा, आधी लांबून बघ. भोक अगदी पाण्यालगत असेल आणि तोंडाशी चिखलाच्या गोळ्या असतील तर खेकडा. वरच्या सपाट जमिनीवर असेल, बाहेर मातीचा ढीग असेल तर उंदीर किंवा घूस. उभ्या कड्याच्या मधोमध असेल, जिथं उंदराला चढायलाच येणार नाही, तर पक्षी. दोन बोटं जातील एवढंच असेल आणि शेजारी आणखी तशीच असतील तर वेडा राघू. मुठीएवढं असेल तर खंड्या. आणि खंड्याची एक पक्की खूण सांगतो : भोकाच्या तळाच्या कडेला दोन बारीक चाकोऱ्या दिसतील, बैलगाडीच्या चाकांनी पडतात तशा. आत-बाहेर करताना त्याच्या पायांनी पडलेल्या. त्या ताज्या, ओलसर दिसल्या आणि थोडा घाण वास आला तर आत पिल्लं आहेत.

सकाळी मित्राला घेऊन तीसेक पावलांवर झाडाच्या आडोशाला अर्धा तास गप्प बस. तो आला की आधी समोरच्या फांदीवर बसेल, इकडंतिकडं बघेल, मग सरळ आत. भोकात काडी घालू नकोस, मोबाइलची बॅटरीही मारू नकोस, आणि शाळेत सगळ्यांना सांगत सुटू नकोस. एका सरांना सांगितलंस तेवढं पुरे.

मग मला पत्र लिही. भोक पाण्यापासून साधारण किती उंचीवर आहे, कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे, चोचीत काय काय आणलं. पट्टी घेऊन मोजायला जाऊ नकोस, अंदाजे चालेल. माझ्याकडं नोकरीतलं एक कोरं मोजमाप पुस्तक राहिलंय, त्यात पहिल्या पानावर लिहायचंय.